‘सान्शिरो सुगाता’ : एका प्रेक्षकाचे मत



या मांडवात आजवर वेदान्त झाला, अर्थकारण झाले, ज्ञानेश्वरी झाली, धरणे आणि पाटबंधारेही झाले. आता मल्लविद्येवरचा एक परदेशी चित्रपट घेऊन आम्ही उभे राहणार हे कळताच आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, ‘‘म्हणजे यंदा व्याख्यानमालेत कुस्त्याही लावल्या की काय?’’ कुस्त्या लावलेल्या नाहीत. पण विषय कुस्तीच्या अगदी शेजारचा आहे, आणि तो या व्यासपीठाला परका आहे असे आम्हांस वाटत नाही. माणसाच्या अंगी बळ आले म्हणजे त्या बळाचे करावयाचे काय, हा प्रश्न वेदान्ताला चुकलेला नाही आणि अर्थकारणालाही चुकलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही चित्रपटशास्त्राचे जाणकार नव्हे. कॅमेरा कोठे ठेवला म्हणजे काय साधते, हे आम्हांस कोणी शिकविलेले नाही. तिकीट काढून खुर्चीत बसणारा, आवडले तर दोन दिवस त्याच गोष्टीचा विचार करीत राहणारा जो सामान्य प्रेक्षक, त्याचे हे मत आहे. पंडितांना ते पटले नाही तर त्यांनी खुशाल आपले व्याख्यान लावावे. आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू.

चित्रपटाचे नाव ‘सान्शिरो सुगाता’. तो जपानात १९४३ च्या मार्च महिन्यात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. ‘राशोमोन’ आणि ‘सेव्हन सामुराई’ या चित्रपटांमुळे हे नाव आपल्याकडील रसिकांच्या परिचयाचे आहे; पण ते अनुक्रमे १९५० आणि १९५४ मधले. ‘सान्शिरो’ ही कुरोसावांची पहिलीच कृती. ती पडद्यावर आली तेव्हा त्यांना ३३ वर्षे नुकती पुरी झाली होती. कथा त्सुनेओ तोमिता यांच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. कुरोसावांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, वर्तमानपत्रात या कादंबरीची नुसती जाहिरात पाहूनच त्यांनी कंपनीकडे हट्ट धरला, हिचे हक्क घ्या म्हणून! पुस्तक अजून बाजारातही आले नव्हते. ते आले त्याच दिवशी त्यांनी विकत घेतले, एका बैठकीत वाचून काढले आणि रात्री निर्मात्याचे दार ठोठावले. तरुणपणीचा असा हट्ट नेहमी फळतोच असे नाही. येथे फळला.

कादंबरी काल्पनिक असली तरी तिच्या बुडाशी खरा इतिहास आहे, आणि तो थोडासा सांगितल्यावाचून चित्रपटाची गोडी कळणार नाही. जपानात हातघाईच्या झुंजीची एक जुनी विद्या होती. तिला ज्युजुत्सु म्हणत. तिची अनेक घराणी होती, आपल्याकडे गाण्याची असतात तशी. प्रत्येकाचे डाव निराळे, गुपिते निराळी, अभिमानही निराळा. १८६८ नंतर जपानने कूस पालटली. तलवारी गेल्या, पाश्चात्त्य पोशाख आला, आणि या जुन्या वस्तादांना कोणी विचारीनासे झाले. अशा वेळी जिगोरो कानो नावाचा एक तरुण पदवीधर पुढे आला. त्याने या घराण्यांतले जे उत्तम ते निवडले, जीवघेणे डाव सरावातून वगळले, आणि १८८२ साली तोक्योतील एका बौद्ध मंदिरात १२ चटयांच्या जागेत आपली तालीम सुरू केली. तिचे नाव कोदोकान. आणि विद्येचे नाव त्याने ठेवले ज्युदो. ‘जुत्सु’ म्हणजे कसब. ‘दो’ म्हणजे मार्ग, वाट. एका अक्षराचा फरक, पण त्यात सारे आले. कानो हे पुढे नामांकित शिक्षणतज्ज्ञ झाले. जगभर आज जो ज्युदो खेळला जातो तो त्यांचाच. कादंबरीकार तोमिता यांचे वडील हे कानोंच्या अगदी पहिल्या शिष्यांपैकी एक, म्हणजे लेखकाला ही कथा घरातच ऐकावयास मिळाली होती. चित्रपटात कानोंचे नाव यानो झाले आहे, आणि त्यांचा शिरो साइगो नावाचा जो गाजलेला शिष्य होता त्याच्यावरून सान्शिरो बेतला आहे.

आता गोष्ट. साल तेच, १८८२. सान्शिरो हा खेड्यातून शहरात आलेला दणकट, भोळा, जरा आडदांड पोरगा. ज्युजुत्सु शिकावयाची म्हणून तो मोन्मा नावाच्या वस्तादाच्या तालमीत जातो. तेथे शिकणे बाजूलाच. दारू पीत बसलेली मंडळी, या यानोने आमची विद्या बुडविली म्हणून दात-ओठ खात आहेत. त्याच रात्री ती यानोला नदीकाठी गाठतात. यानो रिक्षातून चाललेला. ही माणसाने ओढावयाची दुचाकी रिक्षा. ओढणारा पळून जातो. यानो पाण्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि एकेक जण धावून येतो तसा एकेक जण नदीत जाऊन पडतो. आरडाओरड नाही, आवेश नाही. दळण टाकावे तसे काम चालले आहे! सान्शिरो हे डोळे फाडून पाहतो, आणि झुंज संपताच पायांतल्या लाकडी खडावा भिरकावून देऊन, तो पळपुटा रिक्षावाला जेथे उभा होता तेथे स्वतः उभा राहतो. गुरूचा शोध संपला.

यापुढे जे दिसते ते आम्ही विसरू शकत नाही. त्या टाकून दिलेल्या खडावांपैकी एक रस्त्यात पडून राहते. पाऊस येतो, ती भिजते. एक कुत्र्याचे पिल्लू तिला चावीत बसते. मग तिच्यावर बर्फ साचतो. मग ती पाण्यात वाहत चाललेली दिसते. संपले. किती वर्षे गेली, किती घाम गाळला, कोणते डाव शिकला, यांपैकी एक अक्षर कोणी बोलत नाही. आमच्याकडे एवढ्यासाठी एक गाणे आणि चार दंडबैठका खात्रीने आल्या असत्या. आणि वाहून गेलेल्या त्या खडावेनंतर लगेच काय दिसते? रस्त्यात दंगल उसळली आहे, माणसे उडून पडत आहेत आणि मध्यभागी उभा आहे सान्शिरो. विद्या आली आहे. पैलवान झाला आहे. आणि बळ अंगात मावेनासे झालेल्या तरुणाने जे करावे तेच तो करीत आहे, दिसेल त्याला लोळवीत सुटला आहे.

सभ्यहो, येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही मारामारीच्या चित्रपटाची आहे. खरा चित्रपट येथून सुरू होतो.

फाटक्या कपड्यांनिशी सान्शिरो गुरूपुढे बसला आहे. यानो त्याला शाबासकी देत नाही आणि छडीही मारीत नाही. तू बळकट झाला आहेस, कदाचित माझ्याहूनही, असे तो मोकळेपणाने मान्य करतो; पण तुझ्या ज्युदोत आणि माझ्या ज्युदोत आकाशपाताळाचे अंतर आहे, म्हणतो. माणसाची वाट ज्याला कळली नाही त्याला ही विद्या देणे म्हणजे वेड्याच्या हाती सुरी देणे होय. त्यावर सान्शिरो ताडकन सांगतो की, मी मरू शकतो. आपण म्हणाल तर आत्ता प्राण देतो. यानो तुच्छतेने उत्तरतो, मर तर मग. आणि हा वेडा पीर खरोखरच उठतो, दार लोटतो, आणि बाहेरच्या तळ्यात उडी घेतो.

तळ्यात एक खुंट रोवलेला आहे. त्या खुंटाला मिठी मारून, गळ्यापर्यंतच्या थंड पाण्यात तो रात्रभर राहतो. हट्ट असा की वर येणार नाही, क्षमा मागणार नाही, मरेन. गुरुबंधू येऊन विनवितात. मंदिरातला म्हातारा भिक्षू येतो, त्याची थोडी थट्टाही करतो. आत दिव्यापाशी गुरू बसून आहे. तोही निजलेला नाही. अशी रात्र सरते. पहाटे, धुक्यात, सान्शिरोच्या डोळ्यांसमोर तळ्यातले एक कमळ उमललेले दिसते. तो पाहतो, पाहत राहतो, आणि एकदम ‘गुरुजी’ म्हणून हाक मारून पाण्याबाहेर झेप घेतो.

कमळ म्हटले की आपण मराठी माणसे जरा सावध होतो, हे आम्ही जाणतो. मुखकमल, चरणकमल, करकमल करून आपण त्या फुलाची इतकी चाळण केली आहे की ते उमलले काय आणि मिटले काय, मनाला काही होत नाही. पण हे कमळ रात्रभर थंडीत कुडकुडल्यानंतर आले आहे. ते कशाचे प्रतीक आहे हे चित्रपटात कोणी समजावून सांगत नाही, हे त्या दिग्दर्शकाचे आपल्यावर उपकारच.

या तळ्याविषयी आम्हांला जे म्हणावयाचे आहे, त्यासाठीच आजचे व्याख्यान. १९४३ साल आठवा. जपान महायुद्धात गळ्यापर्यंत बुडालेला. विशीतल्या पोरांना शिकविले काय जात होते? मी मरू शकतो, असे म्हणावयास. मरणाची तयारी हाच सद्गुण, हीच निष्ठा, हीच परीक्षा. ज्या चित्रपटाला त्या काळच्या सरकारी परीक्षकांची मोहोर घ्यावी लागली, त्यात असे संवाद असावयाचेच. आहेतही. यानो जेव्हा माणसाच्या वाटेचा अर्थ सांगतो तेव्हा तो स्वामिनिष्ठा आणि मातापित्यांची भक्ती यांचेच नाव घेतो. ते शब्द त्या वेळच्या सरकारच्याही तोंडी होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या शब्दांवर बोट ठेवून कोणी या चित्रपटाला युद्धकाळातला प्रचार म्हटले, तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

आमचे उत्तर असे. शब्द काय आहेत ते सोडा, घडते काय ते पाहा. शिष्य म्हणतो, मी मरू शकतो. गुरू त्याला मिठी मारीत नाही. त्याच्या त्या घोषणेला तो कवडीची किंमत देत नाही. रात्रभर तो पोरगा मरणाच्या हट्टाला चिकटून बसतो, आणि तोवर त्याला काही कळत नाही. कळते केव्हा? तर मरणाचा विचार विसरून तो एका फुलाकडे पाहतो तेव्हा. आणि कळल्यावर तो करतो काय? पाण्यातून बाहेर येतो. जगावयास येतो. ज्या वर्षी सारा देश मरावयास शिकत होता, त्या वर्षी एका नवख्या दिग्दर्शकाने जगावयास बाहेर येणारा नायक दाखविला आणि परीक्षकांच्या डोळ्यांदेखत तो सोडवून नेला. त्याने हे जाणूनबुजून केले की कसे, हे ठरविणे आमचे काम नाही. पडद्यावर ते आहे, एवढे मात्र खरे.

आता पुढला भाग. शहाणा झालेला सान्शिरो सामने जिंकू लागतो. मारामारीच्या चित्रपटात येथे टाळ्या पडावयास हव्यात. पण कुरोसावा आपल्याला टाळी वाजवू देत नाहीत. पहिला सामना त्या जुन्या मोन्माशी. सान्शिरो त्याला उचलून फेकतो, तो भिंतीवर आदळतो आणि गतप्राण होतो. क्षणभर कोठे आवाज नाही. वरची एक कागदी झडप सुटते आणि अगदी हळूहळू, पिसासारखी, त्या पडलेल्या देहावर येऊन विसावते. मग कॅमेरा गर्दीवरून फिरत एका मुलीच्या चेहऱ्यावर थांबतो. ती मोन्माची मुलगी. तिची ती नजर सान्शिरोला पुढे झोपू देत नाही. जिंकणाऱ्याने पाडलेल्या माणसालाही एक घर असते, त्या घरात कोणी वाट पाहत असते, ही गोष्ट आखाड्याच्या कडेला उभे राहून कोणाच्या लक्षात येते?

आणि मग येतो मुराई. हे काम ताकाशी शिमुरा यांनी केले आहे. ‘सेव्हन सामुराई’मधला तो टक्कल केलेला पोक्त नायक, तेच हे. मुराई हा पोलिसांना ज्युजुत्सु शिकविणारा म्हातारा वस्ताद. त्याची मुलगी सायो. पोलीस खात्यात कोणती विद्या शिकवावयाची हे ठरविण्यासाठी सामना भरतो. त्याआधी एके दिवशी सान्शिरो देवळात एका मुलीला प्रार्थना करताना पाहतो. इतकी तल्लीन, की तिच्याकडे पाहून गुरू आणि शिष्य दोघेही बाजूने निघून जातात. पुढे पावसात दगडी पायऱ्यांवर तिची गाठ पडते, तिच्या खडावेचा पट्टा तुटतो, आणि सान्शिरो खाली बसून तो बांधून देतो. गुरूसाठी स्वतःच्या खडावा भिरकावणारा हा पोरगा दुसऱ्याची खडाव सांधतो आहे, हे आम्हांला दुसऱ्यांदा पाहताना उमगले. मग कळते की ही सायो, आणि तिची ती प्रार्थना बापाच्या विजयासाठी होती. म्हणजे सान्शिरोच्या पराभवासाठी!

सान्शिरो खचतो. हिच्या बापाला कसे पाडू? तेव्हा तो म्हातारा भिक्षू त्याला पुन्हा तळ्यापाशी आणतो, तो खुंट दाखवितो. भिक्षूचे म्हणणे थोडक्यात असे, की ती मुलगी प्रार्थनेत स्वतःला विसरली होती. तू तिच्याइतका निर्मळ हो. याचा अर्थ लढू नको असा नाही, आणि दया करून हरून दे असा तर मुळीच नाही. प्रतिस्पर्ध्यावर दया करून हरणे हा त्याचा अपमानच. सान्शिरो लढतो आणि जिंकतो. मुराई पडतो, उठतो. पुन्हा पडतो, पुन्हा उठतो.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध वस्ताद आहेत, तांबड्या मातीत उभे आयुष्य घातलेले. त्यांना आम्ही हा चित्रपट दाखविला. जपानी भाषा त्यांना येत नाही आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचण्याचा प्रश्नच नाही. सुरुवातीच्या झुंजी पाहून ते म्हणाले, ‘‘मास्तर, ह्या लोकांनी आदी पडायचं शिकून घेतलंया बगा. आमच्याकडं पाडायचंच शिकिवत्यात.’’ वस्तादांच्या नजरेला काय दिसले पाहा! ज्युदोत नवशिक्याला पहिला धडा खरोखरच पडण्याचा देतात: कसे पडावे, हात जमिनीवर कसा आपटावा, मान कशी वाचवावी. ते साधल्याशिवाय फेकण्याचे डाव नाहीत. मुराईच्या सामन्यात आम्ही साहजिकच नायकाकडे पाहत होतो. वस्तादांनी आमच्या गुडघ्यावर थाप मारली. ‘‘म्हातारा बगा, म्हातारा. पोराकडं काय बगताय?’’ आम्ही म्हाताऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या विद्येचा शेवट आपल्याच पाठीखाली होत आहे हे ओळखलेल्या माणसाचा तो चेहरा होता. पुढे हाच मुराई आजारी असताना सान्शिरोला घरी बोलावितो, हसतो, त्याच्या बळाचे कौतुक करतो. हरलेल्याच्या घरी जिंकणारा पाटावर बसला आहे आणि हरलेल्याची मुलगी त्याला वाढते आहे, असे दुसऱ्या मारामारीच्या चित्रपटात आम्ही पाहिलेले नाही.

त्या पायऱ्यांवरच्या प्रसंगाची एक गंमत आहे. कुरोसावांनीच ती लिहून ठेवली आहे. सरकारी परीक्षकांनी चित्रपट पाहिला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे तसे या तरुण दिग्दर्शकाला समोर बसविले. आक्षेप काय? तर तरुण आणि तरुणी पायऱ्यांवर भेटतात हे ‘इंग्रजी-अमेरिकी’ आहे! खडावेचा पट्टा बांधणे हे परकीय संस्कृतीचे लक्षण! कुरोसावांचा संयम सुटून ते उठणार, इतक्यात परीक्षकांत बसलेले ज्येष्ठ दिग्दर्शक यासुजिरो ओझू उभे राहिले आणि म्हणाले की, १०० पैकी गुण द्यावयाचे तर ‘सान्शिरो’ला मी १२० देतो. त्या एका वाक्याने चित्रपट सुटला. अर्थात सगळा सुटला नाही. १९४४ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना त्याला कात्री लागली आणि सुमारे १७-१८ मिनिटांचा भाग गेला. त्यांतले काही तुकडे पुढे रशियातील चित्रसंग्रहात सापडले. पण सर्वत्र जी प्रत पाहावयास मिळते तीत मध्येच अक्षरे येतात आणि हरवलेल्या प्रसंगांची हकीकत सांगून जातात. चांगल्या पोथीची मधली पाने वाळवीने खावीत तसे वाटते.

आता आमची तक्रार, कारण नुसती स्तुती करावयास आम्ही भाट नव्हे. चित्रपटात हिगाकी नावाचा एक खलपुरुष आहे. विलायती सूट, टोपी, बारीक मिशी, हातात सिगारेट. मुराईच्या घरी तो सिगारेटची राख एका फुलात झाडतो. एवढ्यात त्याचे सारे चरित्र आले. येथे आम्हांस दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे दुष्टाला विलायती कपडे चढविणे. १९४३ मध्ये ती सोय होती हे उघड आहे, आणि सोयीच्या गोष्टी कलावंताने जरा लांब ठेवाव्यात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोन्माच्या आणि मुराईच्या झुंजीत आपल्याला शिकविले की पडणारा माणूस हा माणूस आहे. हिगाकीला मात्र घर नाही, मुलगी नाही, ज्याची कीव यावी असे काहीच नाही. त्याला पाडताना सान्शिरोला रात्र जागावी लागत नाही. म्हणजे जो अवघड प्रश्न चित्रपटाने स्वतःच उभा केला, त्याला शेवटी बगल दिली. सान्शिरो जिंकतो याचा आम्हांस आनंद होतो. पण हा आनंद स्वस्तात मिळाला अशी रुखरुख राहते.

आणि तरीही ती शेवटची झुंज! डोंगरउतार, माणूस बुडेल एवढे उंच गवत, घोंघावणारा वारा, वर धावणारे ढग. दोघे गवतात कधी दिसतात, कधी नाहीत. कंपनीचे म्हणणे, स्टुडिओत मोठे पंखे लावून हे करावे. कुरोसावांनी ते करून पाहिले आणि त्यांना ते फिके वाटले. त्यांनी हाकोने भागातील सेंगोकुहारा या गवताळ पठारावर जाण्याचा हट्ट धरला. तीन दिवसांची मुदत मिळाली. वारा येईना. तिसऱ्या दिवशी आला, आणि असा आला की जे हवे होते ते सगळे एका दिवसात हाती लागले. झुंजीत हिगाकीचे हात सान्शिरोच्या गळ्याभोवती आवळतात, डोळे मिटू लागतात, आणि त्या ढगांत त्याला तेच कमळ दिसते. मग तो हसतो. शत्रूच्या हातांत गळा असताना माणूस हसतो, हे आम्हांस एरवी खोटे वाटले असते. पण तो वारा खरा आहे, आणि खऱ्या वाऱ्यात पुष्कळ गोष्टी पटतात.

या चित्रपटाचा दुसरा भाग १९४५ च्या मेमध्ये आला. जपानची शहरे जळत होती तेव्हा. त्यात सान्शिरो एका अमेरिकी मुष्टियोद्ध्याशी लढतो आणि त्याला लोळवितो. पहिल्या भागात शंका होत्या. येथे फक्त शत्रू आहे. तीच माणसे, तोच दिग्दर्शक, पण तळे आटलेले. पहिल्या चित्रपटाला प्रचार म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आवर्जून पाहावा, म्हणजे प्रचार कसा दिसतो ते कळेल आणि पहिला त्याहून किती निराळा आहे तेही कळेल. तीन महिन्यांनी युद्ध संपले. अमेरिकी अंमलात जपानच्या शाळांतून ज्युदोही बंद झाला. अनेक मुले कुस्तीकडे वळली. त्यांपैकीच एक शोहाची इशी. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ज्या वजनी गटात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, त्याच गटाचे सुवर्णपदक या इशीचे. आमच्या वस्तादांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘म्हंजे पडायचं शिकल्यालाच आला म्हना की वर.’’

पहिल्या चित्रपटाचा शेवट सांगावयाचा राहिला. तो विजयाच्या मिरवणुकीत नाही, गुरूच्या आशीर्वादातही नाही. आगगाडी योकोहामाकडे निघाली आहे. सान्शिरो आणि सायो समोरासमोर बसले आहेत. दोघांनाही काय बोलावे ते सुचत नाही. इंजिनाचा कोळशाचा एक कण उडून सायोच्या डोळ्यात जातो. मोन्माला भिंतीवर आदळणारे, हिगाकीला डोंगरावरून घरंगळत लावणारे ते हात पुढे येतात, आणि रुमालाच्या टोकाने, श्वास रोखून, तो कण काढू लागतात.